निविदेतली ‘लेव्हल पाच’ आणि काउंटरवरची वही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालमत्ता कराच्या नव्या संगणक प्रणालीची बातमी आपल्या अंकात वाचली. जुनी प्रणाली सारखी बंद पडते म्हणून आमच्या भागातल्या नागरी संस्थेने नवी निविदा काढली आहे. या वेळी दर्जात तडजोड नको, म्हणून बोली लावणाऱ्या कंपनीकडे सीएमएमआय लेव्हल पाच (कंपनीची काम करण्याची पद्धत किती पक्की आहे ते मोजणाऱ्या शिडीची सगळ्यात वरची पायरी) असलीच पाहिजे अशी अट घातल्याचं अधिकारी अभिमानाने सांगताना दिसतात. मी ती निविदा संकेतस्थळावरून उतरवून घेतली आणि सगळी वाचली. निवृत्तीनंतर वेळ असतो आणि जुनी खोड काही जात नाही. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत माझी सगळी नोकरी क्वालिटी विभागात झाली. इंटर्नल ऑडिट, मेट्रिक्स, असेसमेंटची, म्हणजे अशी लेव्हल ठरवणाऱ्या मूल्यमापनाची तयारी, असेसमेंट टीममध्ये बसणं, हे सगळं केलं आहे. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावावी.

निविदेत लेव्हलबद्दल एकच ओळ आहे: बोलीदाराकडे वैध लेव्हल पाच असावी. तांत्रिक गुणांकनात त्याचे वेगळे गुणही धरले आहेत. पण कंपनीच्या कोणत्या केंद्राची लेव्हल, कोणत्या प्रकारच्या कामाची, कधीची, याबद्दल अवाक्षर नाही. मेख तिथेच आहे.

मूल्यमापन अख्ख्या कंपनीचं होत नाही. ते कंपनीने ठरवून दिलेल्या एका भागाचं होतं, त्याला ‘ऑर्गनायझेशनल युनिट’ म्हणतात. पन्नास हजार माणसांच्या कंपनीत हे युनिट म्हणजे एका शहरातल्या एका इमारतीत परदेशी बँकेचं काम करणारे तीनशे लोक असू शकतात. आपली करप्रणाली लिहिणारी पोरं भलत्याच शहरात बसलेली असतात, आणि पुष्कळदा उपकंत्राटदाराच्या पगारावर असतात. लेटरहेडवर नाव मात्र एकच. शाळेला ‘अ’ श्रेणी मिळाली म्हणून आपल्या पोराला अपूर्णांक येतातच असं नाही, तसा हा प्रकार. शिवाय निकाल तीन वर्षांपुरताच वैध असतो. हे तपासायला कुणाच्या पाया पडायला नको. बहुतेक निकाल सीएमएमआय इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर जाहीर असतात. कोणतं युनिट, मूल्यमापन कधी झालं, मुदत कधी संपते, लीड अप्रेझर (मूल्यमापन करणाऱ्या टीमचा प्रमुख) कोण, सगळं तिथे दिसतं. समितीतल्या एकाने पाच मिनिटं काढली तरी काम होईल. मी ज्या निविदा पाहिल्या त्यांत ही पाच मिनिटं कुणी काढल्याची खूण दिसली नाही. झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ असा शिक्का मात्र असतो.

माझा सीएमएमआयवर राग नाही, उलट त्याने मला पोटाला घातलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला ऐंशीच्या दशकात हाच प्रश्न पडला होता, की सॉफ्टवेअरचं कंत्राट द्यायचं तर कुणाला? कामं उशिरा येत होती, खर्च फुगत होता आणि बोली लावताना सगळेच शहाणे दिसत होते. त्या खात्याच्या पैशावर १९८४ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनियरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. आयबीएममध्ये हयात घालवलेले वॉट्स हम्फ्री १९८६ मध्ये तिथे आले आणि त्यांच्या गटाने पाच पायऱ्यांची शिडी मांडली. १९९१ मध्ये ती सीएमएम म्हणून आली, २००० मध्ये तिची सीएमएमआय झाली. पहिल्या पायरीवर सगळा कारभार दोन-चार हुशार माणसांच्या जिवावर. दुसरीवर प्रत्येक प्रोजेक्टला निदान स्वतःचा आराखडा आणि हिशेब. तिसरीवर सगळ्या संस्थेची एक ठरलेली पद्धत. चौथीवर ती पद्धत आकड्यांनी मोजायची, पाचवीवर त्या आकड्यांवरून ती सुधारत राहायची.

पाचवी पायरी खरी कशी दिसते, तेही सांगते. अमेरिकेच्या स्पेस शटलमधलं सॉफ्टवेअर ह्यूस्टनला आयबीएमचा एक गट लिहीत असे. १९८९ मध्ये तो गट पाचव्या पायरीवर असल्याचं मूल्यमापनात ठरलं. पुढे नव्वदीच्या मध्यावर त्यांच्या सलग तीन आवृत्त्यांत, प्रत्येकी सुमारे चार लाख वीस हजार ओळींच्या, चूक सापडली ती एकेकच. हे कसं जमलं? चूक सापडली की ती दुरुस्त करून ते थांबत नसत. ती आत शिरली कशी, तपासणीत सुटली कशी, आणि त्याच वाटेने आणखी काही शिरलंय का, हे ते शोधत. माणसाला दोष देण्याऐवजी वाट बुजवत.

आपल्याकडे हे वारं नव्वदीत आलं. बंगळूरच्या मोटोरोला केंद्राने त्याच दशकात पाचवी पायरी गाठली आणि मग सगळ्यांनाच ती हवीशी झाली. २००० नंतरच्या काही वर्षांत जगातल्या लेव्हल पाचच्या संस्थांपैकी निम्म्याहून अधिक भारतात होत्या. त्याने फायदाही झाला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल न्यू टू’ अशा नावांच्या फायली फ्लॉपीवरून फिरत असत आणि ग्राहकाकडे कोणती गेली हे शपथेवर सांगावं लागे. कोडच्या आवृत्त्या शिस्तीने ठेवायची सवय पुष्कळ कंपन्यांना लागली ती दुसऱ्या पायरीने सक्ती केली म्हणून. हे ऋण मान्य करायला हवं.

पण शिडी चढण्याला बाजारभाव आला की काय होतं, तेही मी जवळून पाहिलं. असेसमेंटच्या आधीच्या महिन्यात ऑफिसचा रंग बदलायचा. आयडी कार्डाच्या मागे क्वालिटी पॉलिसी छापून यायची आणि कँटीनच्या रांगेत पोरं ती पाठ करायची. ‘विचारलं तेवढंच बोला’ अशी तंबी मिळायची. कोणते प्रोजेक्ट दाखवायचे ते आधीच ठरलेलं असायचं आणि त्यांना लाडाने ‘फोकस प्रोजेक्ट’ म्हणायचे. बाकीचे प्रोजेक्ट तोवर देवाच्या भरवशावर.

एका कंपनीतला (नाव घेत नाही) एक प्रसंग सांगते. कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे एकाने लिहिलेला कोड इतरांनी वाचून तपासल्याच्या नोंदी तपासत होते. अकरा शीट, तीन महिन्यांच्या वेगवेगळ्या तारखा, प्रत्येकीवर चार जणांची नावं, आणि चुका प्रत्येक शीटवर दोन किंवा तीन. कमी नाहीत, जास्त नाहीत. एका शीटवर चौदाशे ओळींचा कोड अर्ध्या तासात तपासल्याची नोंद होती. आयबीएमच्या मायकल फेगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीची रीतसर पद्धत मांडली. तिच्यात तासाला साधारण शंभर-दीडशे ओळी हा वेग धरला आहे, कारण त्यापुढे डोळे नुसते ओळींवरून घसरतात. मी फायलींच्या प्रॉपर्टीज उघडल्या. अकराच्या अकरा फायली एकाच संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान तयार झालेल्या. रीतसर एनसी काढला, म्हणजे नियमभंगाची नोंद केली. प्रोजेक्ट मॅनेजरचं उत्तर आलं: ‘टेम्प्लेट बदलल्यामुळे तारीख आपोआप बदलली.’ एनसी बंद झाला. पुढच्या महिन्यात पेढे वाटले गेले.

लीड अप्रेझरला दोष द्यावा तर तोही बिचारा मर्यादेत असतो. मोजके दिवस, समोर हजारो कागद, टीममधले काही सदस्य त्याच कंपनीचे, आणि त्याची फी भरणारी कंपनीही तीच. हे दुखणं सीएमएमआय चालवणाऱ्यांच्याही ध्यानात आलं असावं. सीएमएमआयच्या २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून कोणते प्रोजेक्ट तपासायचे हे कंपनीने न ठरवता यादीतून रँडम निवडायचं ठरलं. चांगलंच झालं. पण निविदेतल्या त्या ओळीला यातलं काहीच ठाऊक नाही. तिच्या लेखी लेव्हल म्हणजे जातीच्या दाखल्यासारखा जोडायचा एक कागद.

मग ग्राहकाने विचारावं काय? माझ्या मते, आधी चुकांची यादी मागावी. कोणत्याही चालू सॉफ्टवेअरची अशी यादी असते, कंपनीत तिला डिफेक्ट लॉग म्हणतात. यादी लहान असली म्हणून खूश होऊ नये. यादीच नाही म्हणाले तर त्या कंपनीला चहा पाजून निरोप द्यावा. यादी मिळाली की दोन गोष्टी बघाव्यात. ‘क्लोज’ केलेल्या किती चुका परत उघडल्या, आणि ‘कारण’ नावाच्या रकान्यात काय लिहिलंय. सगळीकडे ‘कोडिंग एरर’ लिहिलं असेल तर कुणी कारण शोधलेलंच नाही. ‘आर्थिक वर्ष बदलताना थकबाकीचा हिशेब जुन्या दराने होत होता, रिक्वायरमेंटमध्ये दरबदलाची तारीख नव्हती’ असं काही दिसलं, तर समजावं की इथे विचार करणारं कुणीतरी आहे.

आणि गंमत म्हणजे, आपल्या नागरी संस्थेकडे अशी यादी आज आहे. मी स्वतः पाहिली आहे. ऑनलाइन कर भरताना माझ्या खात्यातून पैसे गेले, पावती आली नाही आणि थकबाकी तशीच दिसत राहिली, म्हणून क्षेत्रीय कार्यालयात गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी ‘सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे’ हे ठरलेलं वाक्य म्हटलं आणि खणातून एक लांबुडकी वही काढली. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, मिळकत क्रमांक, ट्रान्झॅक्शन नंबर, मोबाइल, काय झालं, कधी जमा झालं. माझी नोंद करताना मला म्हणाल्या, “ताई, रात्री बारानंतर भरलं का? आणि यूपीआयने? मग असंच होतं. उद्या दुपारी चारपर्यंत जमा होईल, नाही झालं तर मला फोन करा.” मी थक्क झाले. पैसे कधी अडकतात, कोणत्या मार्गाने अडकतात आणि किती वेळाने सुटतात, हे त्यांनी वहीवरून ताडलं होतं. माझ्या हाताखाली असत्या तर बढती दिली असती. “सॉफ्टवेअरवाल्यांनी ही वही बघितली का हो?” असं विचारलं तर त्या हसल्या. “ते इथे येतात कुठे? ते वर येतात, साहेबांकडे.”

सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी चारच्या आत पैसे जमा झाले. नव्या निविदेच्या शंभरावर पानांत त्या वहीचा उल्लेख नाही. जुन्या प्रणालीत नेमकं काय बिघडतं याचं एकही पान नाही. ‘प्रणाली यूजर फ्रेंडली असावी’ हे मात्र तीन ठिकाणी आहे.

चुकांची यादी झाकून ठेवली तर ते कुठवर जातं, याचं ब्रिटनमधलं उदाहरण जगासमोर आहे. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून शाखाशाखांत होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली. हिशेबात तूट दिसू लागली, आणि शाखा चालवणाऱ्या पोस्टमास्तरांवर अफरातफरीचे खटले भरले गेले. ९०० हून अधिक माणसं दोषी ठरली, काही तुरुंगात गेली. तक्रार केली की अनेकांना सांगण्यात येई, ‘असं फक्त तुमच्याकडेच होतंय.’ त्याच वेळी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या फुजित्सु कंपनीच्या आत माहीत असलेल्या चुकांची नोंद ठेवलेली होती. ती न्यायालयात नीट उघड व्हायला २०१९ साल उजाडलं. यादी होती, पण ती बघायचा हक्क ज्यांच्या मानेवर सुरी होती त्यांना नव्हता.

यादीनंतर मी रिलीजबद्दल विचारीन. म्हणजे नवा कोड चालू प्रणालीवर कोण चढवतं, दुसरं कोण तपासतं, आणि फसलं तर जुन्यावर परत किती मिनिटांत येता. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने १ ऑगस्ट २०१२ ला याच प्रश्नाची किंमत मोजली. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, एका सर्व्हरवर राहून गेला. तिथे कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, तो जागा झाला आणि वेड्यासारख्या ऑर्डर पाठवत सुटला. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान. बाजार उघडण्याआधी प्रणालीने स्वतःच काही कर्मचाऱ्यांना काहीतरी चुकल्याची सूचना देणारे ९७ ईमेल पाठवले होते, पण त्या ईमेलांकडे बघायचं हे कुणाच्याच कामात नव्हतं. तिथल्या बाजार नियामकाने पुढच्या वर्षी दंड ठोठावताना बोट ठेवलं ते ठेवण्यासारख्याच जागी: दुसऱ्या माणसाने तपासावं असा लेखी नियमच कंपनीकडे नव्हता. ही चूक पकडायला पाचवी पायरी लागत नाही. दुसरी नीट चढली असती तरी भागलं असतं.

आपल्याकडे कराची बिलं एप्रिलमध्ये निघतात आणि दुरुस्त्या ३१ मार्चच्या रात्री चढतात. मला तरी हे वाचताना आपलीच आठवण झाली.

वेळेचा अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांचा मागच्या कामांतला मेळ बघावा, हेही आहेच. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण सरकारी कामात मुदत कंपनीपेक्षा उद्घाटनाच्या तारखेवर ठरते.

कुणी म्हणेल, सुरक्षा ऑडिटची अट आहे की निविदेत. आहे, आणि ती हवीच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतले ऑडिटर प्रणालीत घुसखोरी होऊ शकते का ते बघतील. केंद्र सरकारचं एसटीक्यूसी संचालनालयही सॉफ्टवेअर तपासून देतं. पण हे सगळे तयार झालेला माल तपासतात. थकबाकीचा हिशेब चुकीच्या दराने होतोय हे घुसखोरीच्या ऑडिटमध्ये कसं दिसणार?

या अटीचा आणखी एक परिणाम कुणी मोजत नाही. असेसमेंटचा खर्च, सल्लागार, तयारीत गेलेले मनुष्यतास धरले तर कोल्हापूर-नाशिककडच्या वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीला ते झेपत नाही. सहकारी पतसंस्थांचं काम वर्षानुवर्षं चोख करणाऱ्या अशा कंपन्या मी पाहिल्यात, ज्यांच्या मालकाला प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक तक्रारीची तारीख तोंडपाठ असते. त्या पहिल्याच चाळणीत बाद. दुसरीकडे ‘महिनाभरात लेव्हल तीन, हमखास’ अशा जाहिराती इंटरनेटवर ढिगाने सापडतात. चाळणी कुणाला अडवते आणि कुणाला आत सोडते ते यावरून कळावं.

आता अधिकाऱ्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. लेव्हल हा आकडा आहे. आकड्यावर गुण दिले की ऑडिटमध्ये कुणी बोट दाखवत नाही. ‘आम्ही त्यांच्या टीमसोबत दिवसभर बसलो आणि चुकांची यादी वाचली, म्हणून यांना गुण दिले’ असं फायलीवर लिहायला धाडस लागतं. पण ते गुणही आखून देता येतात. बोलीदाराने आपल्याच कामावर येणारी टीम आणि तिने याआधी केलेलं एक चालू काम दाखवावं. त्या कामाच्या ग्राहकाशी समितीने स्वतः बोलावं. कारणांसकट चुकांची यादी आणि मागच्या पाच रिलीजच्या नोंदी, त्या ग्राहकाच्या संमतीने, समोर ठेवाव्यात. प्रत्येकाला ठरलेले गुण. टीम मध्येच बदलली तर दंड. लेव्हल ठेवायची तर खुशाल ठेवावी, फक्त ती काम करणाऱ्या केंद्राचीच असावी आणि संकेतस्थळावरून पडताळलेली असावी.

आणि ग्राहकाच्या स्वतःच्या प्रक्रियेचं काय? यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी करायची चाचणी, मी सरकारी कार्यालयांत अशी पाहिली आहे: दुपारी तीन वाजता प्रोजेक्टर लागतो, कंपनीचा मुलगा स्वतःच क्लिक करतो, साहेब मान डोलावतात, साडेचारला सही. नवी प्रणाली घेताना त्या चाचणीला काउंटरवरच्या बाईंना बसवावं, त्यांच्या वहीसकट. त्यांची सही झाल्याशिवाय कंपनीचं बिल निघू नये.

बोलीपूर्व बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तिथे प्रश्न विचारता येतात ते फक्त बोलीदारांना, नागरिकांना नाही. म्हणून माझे प्रश्न मी संबंधित कार्यालयाला ईमेलने पाठवले आहेत आणि आवक-जावक विभागात एक प्रत देऊन पोच घेतली आहे. आपल्या वार्ताहराला बैठकीला प्रवेश असेल, तर त्यांनी एवढं जरूर विचारावं: जुन्या प्रणालीत गेल्या वर्षभरात काय काय बिघडलं, याची यादी बोलीदारांना देणार आहात का?

आपली,
एक निवृत्त क्वालिटी ऑडिटर, चिंचवड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)